युद्धाआधीच्या इमारती : तिकडे मान, इकडे नोटीस

पावसाळा तोंडावर आला की ठाणे महापालिका धोकादायक इमारतींची यादी जाहीर करते आणि नौपाडा, चरई, टेंभी नाका, खारकर आळी या भागांत दरवर्षीचा वाद नव्याने सुरू होतो. एकजण म्हणतो, पाडा एकदाची, किती दिवस ठिगळं लावणार? दुसरा म्हणतो, अशी हवा, अशी उंची पुन्हा मिळायची नाही. त्यातच कुणाची तरी न्यूयॉर्कला असलेली मुलगी फोनवर सांगते, आमच्याकडे जाहिरातीत ‘प्री-वॉर बिल्डिंग’ लिहिलं की भाव वाढतो! इथे त्याच वयाच्या इमारतीला ‘सी-१’ शेरा मिळतो. म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करा आणि पाडा.

एकाच वयाच्या इमारतींना दोन ठिकाणी दोन न्याय का? याचं थोडं उत्तर बांधकामात आहे आणि बरंचसं भाड्याच्या कायद्यात.

युद्धाआधीची म्हणजे नेमकी कुठली?

हे युद्ध म्हणजे दुसरं महायुद्ध. न्यूयॉर्कमध्ये साधारण १९४० पर्यंत बांधलेल्या इमारतींना ‘प्री-वॉर’ म्हणतात. १८८४ सालची डकोटा ही त्यातली थोरली, तर सेंट्रल पार्कच्या पश्चिमेला १९३०च्या आगेमागे उभ्या राहिलेल्या जुळ्या मनोऱ्यांच्या इमारती धाकट्या. जाड गिलाव्याच्या भिंती, लाकडी जमीन, दारातून आत आल्यावर छोटी पडवीवजा जागा आणि प्रत्येक खोलीला स्वतःचं दार. युद्धानंतर घरांची मागणी अफाट वाढली, बांधकाम झटपट आणि स्वस्त झालं. छत आठ फुटांवर आलं, भिंती इतक्या पातळ झाल्या की शेजारच्याचा रेडिओ ऐकू यायला लागला. जुन्याची किंमत लोकांना तेव्हा कळली.

आपल्याकडे हीच वर्षं दादर-माटुंगा आणि मरीन ड्राइव्ह वसण्याची. १८९६च्या प्लेगनंतर, १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंग्याचे आखीव प्लॉट पाडले. तिथे आणि बॅकबेच्या, म्हणजे मरीन ड्राइव्हच्या, भरावावर १९३०च्या दशकात जी घरं झाली, त्यातली पुष्कळ आर्ट डेको शैलीची आहेत. गोलसर कोपऱ्यांच्या बाल्कन्या, भिंतीवर आडव्या पट्ट्या, खिडक्यांवरून सलग जाणारा छज्जा, जिन्याच्या गजांत उगवता सूर्य नाहीतर लाटा. ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हवरच्या या इमारती, मैदानापलीकडच्या गॉथिक इमारतींसह, २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या.

ठाण्यात डेको फारसं पोचलं नाही. बोरीबंदरहून पहिली आगगाडी १८५३ साली ठाण्यालाच आली, १८६३ साली नगरपालिकाही झाली, तरी युद्धापर्यंत हे तळ्यांचं आणि वाड्यांचं गावच होतं. स्टेशन रोड, जांभळी नाका, टेंभी नाका या भागांत त्या काळची जी घरं उरली आहेत ती तळमजला अधिक एक किंवा दोन मजल्यांची. खाली दुकान, वर बिऱ्हाडं, रस्त्याच्या बाजूला लाकडी कठड्याची गॅलरी, डोक्यावर मंगलोरी कौलं. फ्लॅट म्हणून बांधलेली जुनी इमारत पाहायची तर ठाणेकराने फास्ट लोकलने दादर गाठावं आणि हिंदू कॉलनीतून पायी फिरावं. रविवारी सकाळी जावं, रस्त्यावर गाड्या कमी असतात.

जिथे भिंतच खांब असते

जुन्या घरांसाठी एकच शब्द लक्षात ठेवला तरी पुरे : लोड बेअरिंग. या पद्धतीत इमारतीला वेगळे खांब नसतात. छताचा भार भिंतीवर, वरच्या भिंतीचा खालच्या भिंतीवर आणि तिथून जमिनीत. स्वयंपाकघरातली मडक्यांची उतरंड आठवा. वरचं मडकं खालच्यावर उभं असतं, मधलं एखादं ओढून काढता येत नाही. म्हणून तळमजल्याची भिंत सगळ्यात जाड. एका विटेची भिंत नऊ इंच, दीड विटेची चौदा इंचांच्या आसपास, आणि खाली त्याहूनही जास्त. विटा सांधायला घाण्यावर मळलेला चुना. मजल्याला सागवानी तुळया, त्यांवर वासे आणि फळ्या. पुढे लोखंडी गर्डर आले, तेव्हा त्यांवर शहाबादी लाद्या टाकून वर कोबा करू लागले. हाच लादीकोबा.

आरसीसी, म्हणजे सळ्या घातलेलं काँक्रीट, यात भार खांब आणि तुळया उचलतात. भिंत बहुधा फक्त आडोशाला असते, ती काढली तरी छताचा भार खांबांवरच राहतो. पोरबंदरच्या कारखान्यातून १९१४ साली सिमेंट निघू लागलं, १९३६ साली बऱ्याच कंपन्या एकत्र येऊन एसीसी ही सिमेंट कंपनी झाली आणि मुंबईतल्या डेको इमारती या नव्या मालावर उभ्या राहिल्या. म्हणजे ‘युद्धाआधीची’ म्हटली की ती चुन्याचीच, असं नाही. मरीन ड्राइव्ह बहुतांशी आरसीसी आहे, टेंभी नाक्यावरचं घर बहुधा विटा-चुन्याचं.

लोड बेअरिंग घराचं देखणेपण पुष्कळदा नाइलाजातून आलेलं असतं, आणि मला तर हीच गोष्ट सगळ्यात मजेची वाटते. भिंतीला भार पेलायचा असल्यामुळे तिच्यात रुंद भगदाडं पाडता येत नाहीत. मग खिडक्या अरुंद आणि उंच होतात आणि प्रत्येक मजल्यावर एकाखाली एक येतात. रस्त्यावरून पाहताना आपण ज्याला ‘प्रमाणबद्ध’ म्हणतो ते हेच. खोलीची रुंदी सागाच्या तुळईच्या लांबीवर ठरते, म्हणून खोल्या दहा-बारा फूट रुंद आणि आतवर लांबट. भिंतीला जाडी आहे, म्हणून कोनाडा निघतो, खिडकीत बसायला ऐसपैस कठडा मिळतो. लिफ्ट नसल्यामुळे तीन-चार मजल्यांवर इमारत थांबते आणि जिना रुंद, कमी उंचीच्या पायऱ्यांचा करावा लागतो. तो जिनाही मग गप्पा मारण्याची जागा होऊन बसतो.

भार भिंतीवरच असल्यामुळे अशा घरात मधली भिंत पाडून ‘ओपन किचन’ करणं म्हणजे जिवाशी खेळ. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला त्याचा पत्ताही नसतो.

बारा फुटांचं छत खरंच गार ठेवतं का?

अर्धं खरं. विजेचा पंखा घरोघरी नव्हता तेव्हा घर गार ठेवायचं काम इमारतीलाच करावं लागे. गरम हवा वर चढते. छत बारा-तेरा फुटांवर असेल तर ती डोक्याच्या बरीच वर राहते, आणि छताजवळ व्हेंटिलेटरची झडप असेल तर तिथून बाहेर पडते. पुष्कळांनी एसीसाठी किंवा डासांच्या भीतीने ही झडप बुजवली आहे. त्या घरात उंच छत म्हणजे नुसता गरम हवेचा साठा, वर कोळिष्टकं काढायला लांब काठी लागते ती वेगळीच.

जाड भिंतीचंही तसंच. चौदा इंच विटेतून दुपारचं ऊन आत पोचायला काही तास लागतात. पुण्याला रात्र गार होते, तिथे ही युक्ती उत्तम चालते, कारण भिंत रात्रभरात निवते. ठाण्याच्या दमट हवेत मे महिन्यातली रात्रही घामाचीच असते, त्यामुळे भिंतीला निवायला वावच मिळत नाही. इथे खरा उपयोग वाऱ्याचा. पुढे गॅलरी, मागे स्वयंपाकघराचं दार, मधल्या खोल्यांची दारं एका रेषेत, की पुढून आलेली झुळूक मागे निघून जाते. लोक कौतुक भिंतीचं करतात. माझ्या मते श्रेय समोरासमोरच्या खिडक्यांना द्यायला हवं.

दोन इमारतींमधलं अंतरही योगायोगाने पडलेलं नाही. प्लेगचा अनुभव ताजा होता आणि अंधाऱ्या, कोंदट खोल्यांमध्ये रोग पसरतो हे डोळ्यांनी दिसलं होतं. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने एक नियम धरला : खिडकीच्या भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांत वर रेषा काढली तर ती समोरच्या इमारतीच्या माथ्यावरून मोकळ्या आकाशात गेली पाहिजे. शाळेतली त्रिकोणमिती वापरली तर याचा अर्थ सोपा आहे. समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निम्मं अंतर मोकळं हवं. इमारत चाळीस फूट उंच, तर मधे वीस फूट. तळमजल्यावरच्या खोलीलाही आभाळाचा एक तुकडा मिळाला पाहिजे, हा हिशेब.

पायाखालच्या नक्षीदार लाद्यांबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. नवी मुंबईच्या शेजारी, उरणला, १९२२ साली स्वदेशीच्या भरात भारत टाइल्सचा कारखाना सुरू झाला. परदेशातून येणाऱ्या भाजलेल्या लाद्यांना तो देशी पर्याय होता. या लाद्या भट्टीत जात नाहीत. धातूच्या साच्यात रंगीत सिमेंट ओतून ती प्रचंड दाबाखाली दाबतात आणि पाण्यात मुरवतात. रंग वरून फासलेला नसतो, काही मिलिमीटर जाडीचा थरच रंगीत असतो. म्हणून नव्वद वर्षं फडकं मारूनही फुलं पुसली जात नाहीत.

इतकं चांगलं होतं तर आता तसं का बांधत नाहीत?

बिल्डरला शिव्या देण्याआधी कागद-पेन्सिल घ्या. बाहेरून बारा बाय पंधरा फूट मापाची खोली धरा, म्हणजे १८० चौरस फूट. चारी बाजूंनी चौदा इंची भिंत घातली तर आत साधारण १२२ चौरस फूट उरतात. तीच भिंत सहा इंची केली तर १५४. एका खोलीमागे तीसेक चौरस फुटांचा फरक. याला नौपाड्यातल्या चौरस फुटाच्या दराने गुणून पाहा, जाड भिंती कुठे गेल्या ते कळेल.

त्यात एफएसआयचा नियम. प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येईल, ते प्रमाण म्हणजे एफएसआय. प्लॉट ५०० चौरस मीटर आणि एफएसआय २ असेल तर एकूण १००० चौरस मीटर. भिंतीखालची जागाही या मापात मोजली जाते, पण गिऱ्हाईक पैसे देतं कार्पेटचे, म्हणजे पाय टेकता येईल त्या जागेचे. जाड भिंत दोन्हीकडून तोट्यात जाते. छताची उंची एफएसआयमध्ये मोजत नाहीत हे खरं, पण साठ फुटांत बारा फुटी मजले पाच बसतात आणि दहा फुटी सहा. शिवाय वाढलेल्या प्रत्येक फुटाला सळ्या, प्लास्टर आणि पाइप लागतात. जुन्या काळी जमीन स्वस्त होती आणि मजूर त्याहून स्वस्त. आज जमीन सोन्याच्या भावाची आहे. ‘पूर्वीचे लोक प्रामाणिक होते’ हे स्पष्टीकरण ऐकायला बरं वाटतं, पण त्याची गरज पडत नाही.

भाडं गोठलं आणि डागडुजीही

आता त्या ‘दोन न्यायां’कडे. महायुद्धात सिमेंट आणि लोखंड सरकारी नियंत्रणाखाली गेलं, खासगी बांधकाम जवळजवळ थांबलं आणि शहरांत माणसं वाढत राहिली. भाडी भडकू नयेत म्हणून सरकारांनी ती बांधून टाकली. न्यूयॉर्कमध्ये १ मार्च १९४३ची पातळी धरली गेली. आपल्याकडे १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० हा दिवस धरला. त्या दिवशी जे भाडं होतं तेच ‘प्रमाण भाडं’. युद्ध संपलं, स्वातंत्र्य मिळालं, दशकं गेली, भाडं तिथेच. भाडेकरूला याने मोठा आधार मिळाला हे नाकारता येणार नाही. गिरणीतला कामगार आणि कचेरीतला कारकून या शहरांत राहू शकला तो त्यामुळेच. पण महिन्याला वीस-पंचवीस रुपये घेणारा मालक कौलं कशाला बदलेल?

या पोकळीत पागडी आली. भाडेकरू घरात शिरताना मोठी रक्कम रोख देतो, मग जन्मभर नाममात्र भाडं भरतो, आणि सोडताना पुढच्याकडून पागडी घेऊन मालकाला वाटा देतो. वर्षानुवर्षं हा व्यवहार कायद्याच्या नजरेआड चालला. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने भाडं असं कायमचं गोठवणं अवाजवी ठरवलं. त्यानंतर १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने पागडीला मान्यता दिली आणि वर्षाला चार टक्के वाढीची मुभाही. पंचवीस रुपयांवर चार टक्के म्हणजे एक रुपया.

कायदा म्हणतो, घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी. तो करत नसेल तर भाडेकरूने नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून कापून घ्यावा, पण एका वर्षात भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. भाडं महिना शंभर रुपये असेल तर वर्षाला तीनशे. तेवढ्यात आज गवंड्याचा अर्धा दिवसही भागत नाही.

मुंबईने यातून एक वाट काढली. १९६९च्या कायद्याने जुन्या इमारतींवर उपकर बसवला आणि त्या पैशातून दुरुस्ती करायला मंडळ नेमलं, जे आता म्हाडाकडे आहे. त्यातल्या ‘अ’ वर्गात १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती येतात. पण ही सोय फक्त कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या शहरापुरती. मुलुंडचा नाका ओलांडून ठाण्यात आलं की तेच वय, तीच पागडी, तोच गळका माळा, पण दुरुस्ती मंडळ नाही. ठाण्यातल्या जुन्या घरांची अवस्था वयामुळे जेवढी झाली तेवढीच या फरकामुळेही झाली, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘काहीही म्हणा, जुनी इमारत धोक्याचीच ना?’

वयावरून धोका ठरत नाही. शिळफाट्याजवळची लकी कंपाउंडची इमारत ४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली आणि ७४ माणसं गेली, तेव्हा तिचं बांधकाम अजून चालू होतं. उलट बाजूही आहे. २०१५च्या ऑगस्टमध्ये नौपाड्यात बी-केबिन भागात जुनी इमारत पडली, तिथेही माणसं दगावली.

नवी मुंबईकरांना तर हे घरबसल्या कळतं. सिडकोची स्थापना १९७० सालची, म्हणजे तिथल्या वसाहतींत युद्धाआधीचं काही नाही, सगळं आरसीसी. तरीही वाशीतल्या जेएन-१, जेएन-२ प्रकारच्या इमारतींची छतं पडायला लागली आणि पुनर्विकासाची पाळी आली, ती नव्वदीत नव्हे, ऐन तरुणपणी. कारण रसायनात आहे. काँक्रीट ताजं असताना अल्कधर्मी असतं आणि त्या वातावरणात सळई गंजत नाही. हळूहळू हवेतला कार्बन डायऑक्साइड आत झिरपतो, अल्कधर्मीपणा उतरतो, खाडीच्या हवेतलं मीठ आणि ओल त्याला हातभार लावते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, त्यामुळे काँक्रीटचा वरचा थर तडकून पडतो. चुना-विटांच्या भिंतीत गंजायला सळईच नसते. चुना हवेतला तोच कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो, बारीक चिरा काही अंशी स्वतःच भरतो.

पण म्हणून चुन्याची आरती ओवाळायला नको. भूकंपात इमारत आडवी हलते, आणि सळ्या नसलेली वीटभिंत आडव्या धक्क्याला कच्ची असते. २००२च्या भूकंप नकाशात मुंबई-ठाणे परिसर झोन ३मध्ये आहे. नियमाप्रमाणे बांधलेली आजची आरसीसी इमारत या बाबतीत नक्कीच सरस. आगीतही लाकडी जिना म्हणजे धोका. आणि तिसऱ्या मजल्यावर गुडघे धरून बसलेल्या आजींना लिफ्ट नको, असं त्यांच्या तोंडावर कोण म्हणेल?

ऑडिटवाला आला की काय विचारायचं?

इमारत तीस वर्षांची झाली की स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनीअरकडून मजबुतीची तपासणी, करावं लागतं. त्यानुसार शेरे मिळतात. ‘सी-१’ म्हणजे पाडाच. ‘सी-२ए’ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, ‘सी-२बी’ म्हणजे राहता राहता दुरुस्ती, ‘सी-३’ किरकोळ. गोम अशी की नेहमीच्या बऱ्याच चाचण्या काँक्रीटसाठी आहेत. हातोडीने ठोकून ताकद मोजणं किंवा सळईचा गंज तपासणं याचा विटा-चुन्याच्या भिंतीला उपयोग काय? तिथे वेगळ्या गोष्टी पाहाव्या लागतात. भिंत ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी, आहे की बाहेर कललीय. तुळईचं भिंतीत रुतलेलं टोक कुजलं आहे का, कारण मधली तुळई ठणठणीत असते आणि टोकाचा भुगा झालेला असतो. वाळवी कुठवर पोचली. न्हाणीघर आणि संडास मूळचे आहेत की गॅलरीत नंतर चढवलेत, आणि त्यांचं पाणी कुठल्या भिंतीत मुरतंय. गच्चीवर टाकी कुणी, कशावर ठेवली. पिंपळाचं रोप फटीतून किती आत गेलंय.

आणखी एक. ओल आली म्हणून चुन्याच्या भिंतीवर वरून सिमेंटचा गिलावा मारायचा, ही सर्रास चूक. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं. दोन पावसाळ्यांत भिंत पुन्हा फुगते आणि दोष इमारतीच्या वयाला दिला जातो. ऑडिटच्या अहवालात या कशाचा उल्लेख नसेल आणि तरी ‘सी-१’ लिहिलं असेल, तर दुसऱ्या इंजिनीअरचं मत घेणं भाडेकरूंच्या फायद्याचं.

पाडायचंच ठरलं, तर भाडेकरूंनी जागा सोडण्याआधी आपल्या ताब्यातलं क्षेत्रफळ मोजून घ्यावं आणि त्याची लेखी नोंद पालिकेकडून मिळवावी. भिंती गेल्या की मापही जातं. आणि नव्या इमारतीचा नकाशा समोर आला की मार्बल, जिम, क्लबहाउस बाजूला ठेवून आर्किटेक्टला विचारावं : माझ्या फ्लॅटला दोन बाजूंनी खिडक्या आहेत का? हवा एकीकडून येऊन दुसरीकडून जाते का? खिडकीच्या वर उघडणारी झडप देता येईल का? छज्जा दोन फुटांचा मिळेल का, की पावसात खिडकी उघडी ठेवता यावी? चौदा इंची भिंत कुणी देणार नाही, ती मागूही नये. झडपेला आणि छज्ज्याला मात्र फारसा खर्च येत नाही, पण नकाशा मंजूर होण्याआधीच त्यासाठी हटून बसावं लागतं.